सातगोंडा मगदूमची बारा मडकी

मुंग्यांची रांग आडवी आली की सातगोंडा मगदूमचे बैल आपण होऊन थांबत. त्यांना तसं कुणी शिकवलं नव्हतं. धनी दर वेळी कासरा ओढतो हे बघून बघून ते बिचारे बस्तीची, म्हणजे जैन देवळाची, पायरी न चढताच पक्के श्रावक झाले, असं गाव म्हणायचं. शेजारच्या रानातला मराठा गडी दिवसाला अर्धा एकर नांगरी आणि सातगोंडा पाव एकर. उरलेला पाव एकर मुंग्यांच्या नावावर जमा.

गाव निपाणीपासून चिकोडीच्या अंगाला चार मैलांवर. मगदुमांचं चार एकर मळीचं, गाळाच्या मातीचं रान ओढ्याला लागून होतं, आणि त्या रानातल्या तंबाखूचं पान निपाणीच्या वखारीत नुसत्या वासावर ओळखलं जायचं. ज्या घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नव्हते आणि दिवस मावळल्यावर जेवत नव्हते, त्या घराचं पोट तंबाखूवर चालावं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. ओढणारा आपल्या कर्मानं ओढतो, असं सातगोंडाचा बाप जिनपाल म्हणायचा, आणि विषय संपायचा.

जिनपालने मरताना दोन नेम मागे ठेवले होते. अष्टमी-चौदसीला रानात हिरवं काही उपटायचं नाही, हा एक. दुसरा असा की तणकट उपटलं तरी जाळायचं नाही. दांड्यात किडा असतो, मुंगी असते. बांधावर आडवं निजवायचं, आपल्या मरणानं मरू द्यायचं. सातगोंडाने हे दोन्ही नेम बापाच्या मागे असे पाळले की बाप जिवंत असता तर त्यानेच थोडी सूट दिली असती.

एकोणतीस सालच्या कार्तिकात रानात बंबाखू आला. तसा तो नवा नव्हता. तंबाखूच्या बुडाशी उगवणारं हे बांडगूळ त्या भागात प्रत्येकाच्या रानात चार-दोन ठिकाणी असायचंच. त्याला हिरवं पान नसतं. जमिनीतून फिकट, मेणासारखा दांडा वर येतो, त्याला निळसर फुलं लागतात, आणि खाली त्याचं मूळ तंबाखूच्या मुळात तोंड खुपसून बसलेलं असतं. पण त्या साली मगदुमांच्या रानात तो चार-दोन ठिकाणी नव्हता. ओळीच्या ओळी होत्या. सकाळचं धुकं उठलं की तंबाखूच्या काळ्याभोर पानांखाली सगळीकडे ती फिकट बोटं वर आलेली दिसत. एका झाडाखाली पाच, एकाखाली नऊ. वरची तंबाखूची पानं दुपारपर्यंत मान टाकत. पाणी होतं, खत होतं, तरी टाकत.

बाया घेऊन खुडणीला यायची ती मालुबाई. तोंडाने फटकळ आणि हाताने चलाख. तिने पहिल्या ओळीत वाकून बघितलं आणि सरळ उभी राहिली. तिच्या मागच्या अकरा बायाही सरळ उभ्या राहिल्या. ह्या रानात कुणाचं मढं पुरलंय काय, असं तिने सातगोंडाला विचारलं. तो न्हाई म्हणाला. मग ही बोटं कुणाची, असं तिने विचारलं, आणि बाया घेऊन ती दुसऱ्याच्या रानात गेली. त्या दिवसापासून त्या रानाला गावात नाव पडलं, जागं रान. नाव ठेवायला गावाला खुडणीइतका वेळ लागत नाही.

सातगोंडाने एकट्याने बंबाखू उपटला. अष्टमी-चौदस सोडून. उपटलेला सगळा बांधावर ओळीने निजवला, अगदी हळू, बापासारखा.

पुढल्या साली त्याने तिथे जोंधळा केला. बंबाखू एक नाही. त्याच्या पुढल्या सालीही जोंधळा, तरी एक नाही. गाव म्हणालं, गेलं ते. तिसऱ्या साली त्याने तंबाखू लावला, आणि चाळीसाव्या दिवशी ती बोटं परत वर आली. पहिल्यापेक्षा दुप्पट.

सातगोंडाला पिकाचं दुःख झालंच, पण दुःखाच्याही खाली एक प्रश्न जाऊन बसला. दोन वर्षं ते कुठे होतं? आणि आता वर जोंधळा नाही, तंबाखू आहे, हे त्याला खाली अंधारात कोण सांगतं? भर दुपारी, पाखरूही ओरडत नाही अशा वेळी तो त्या रानातून चालायचा, तेव्हा त्याला वाटायचं की पायाखाली कुणीतरी श्वास रोखून धरलाय आणि आपण पुढे जाण्याची वाट बघतंय. हे त्याने बायकोला, ब्राह्मीला सांगितलं. ती म्हणाली, डोक्याला ऊन लागलं असंल, टोपीखाली कांद्याचं पान ठेवा. मग तिच्या लक्षात आलं की ह्या घरात कांदा येत नाही, आणि ती स्वतःच हसली.

थोरला भाऊ चंद्रप्पा निपाणीला तंबाखूच्या वखारीत पानाची प्रत लावायला होता. रान दोघांच्या नावावर. तो दिवाळीला आला, बांधावर उभा राहिला, आणि त्याने चपलेच्या टोकाने माती उकरली. जोंधळा काय कुठल्याही रानात होतो, असं तो म्हणाला. तंबाखू होत नसेल तर हे रान ठेवून करायचं काय? निपाणीचा एक वीटभट्टीवाला त्याच्याकडे दोनदा येऊन गेला होता. ओढ्याकाठची मळी विटेला फार चांगली. तो दोन हात खोल माती काढणार, थापणार आणि भाजणार. चंद्रप्पाने भावाला पाच दिवाळ्यांची मुदत दिली. पाचव्या दिवाळीनंतर खुडणीच्या सुमाराला तो रान बघायला येणार होता. रान स्वच्छ असलं तर राहील, बंबाखू दिसला तर भट्टीला जाईल.

दोन हात खोल माती. सातगोंडाने त्या रात्रीच नव्हे, पुढे कित्येक दिवस जेवताना ती मनात उकरून बघितली. तिच्यात गांडुळं होती, वाळवीची वारुळं होती, बारीक पांढरे किडे होते, ज्यांना नाव नाही असे कितीतरी जीव होते. ते सगळे भट्टीत. मुंगीसाठी बैल थांबवणाऱ्या माणसाला हे गिळवेना.

मग त्याने मडकी आणली. कुंभाराने विचारलं, लग्न हाय काय? बारा मडकी एकदम कोण घेतं? सातगोंडाने प्रत्येकात रानातली माती भरली, चुन्याने एक ते बारा रेघा ओढल्या, आणि सगळी माळ्यावर कोरडी ठेवली. बेत साधा होता. दर साली एक मडकं खाली उतरवायचं, त्यात तंबाखूचं एक रोप लावायचं आणि बघायचं. ज्या साली बंबाखू येणार नाही, त्या साली तो मातीत मेला असं समजायचं. तोपर्यंत रानात जोंधळा. हे असं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मराठी चौथी झालेला माणूस. पण आपण विचारलं तर माती उत्तर देईल, असं त्याला वाटत होतं, आणि खरी भीती उत्तराचीच होती.

पहिलं मडकं त्याच हिवाळ्यात, आला. दुसरं मडकं, आला.

दुसऱ्या मडक्यात तो वर येताना सातगोंडाने डोळ्यांनी बघितला. गोठ्याच्या सावलीत दुपारी तो मडक्यासमोर बसला होता. रोपाच्या बुडाशी केसाएवढी भेग होती, ती सकाळपासून रुंदावत होती. वारा नव्हता. एक सुपारीएवढं ढेकूळ उगीच हललं, थांबलं, आणि बाजूला झालं. कुणी आतून दार लोटावं तसं. खालून फिकट टोक दिसलं. गोठ्यातल्या बैलाने त्या बाजूला मान वळवली आणि वैरण खायची थांबवली. सातगोंडा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला आणि ऊन उतरेपर्यंत आत गेला नाही.

तिसऱ्या साली त्याच्या हातून चूक झाली. माळ्यावरून एकाच्या जागी दोन मडकी उतरवली गेली. एकात रोप लावायचं होतं, दुसरं तसंच गोठ्याच्या दाराशी राहिलं. ब्राह्मीने तीळ पाखडले आणि सुपात चिकटलेला बारीक तीळ त्या मडक्यात झटकला. पाऊस आला आणि मडकंभर तीळ उगवला. उगवलेलं उपटायचं कसं, म्हणून सातगोंडाने तो तसाच वाढू दिला. बायकोने बोलणी खाल्ली, तिळाने पाणी. तीळ आपण होऊन वाळला तेव्हा त्याने त्याच मातीत तंबाखूचं रोप लावलं, चुकीचं का होईना मडकं वाया कशाला घालवायचं म्हणून. शेजारी दुसरं मडकं होतंच.

नुसत्या मातीच्या मडक्यात बंबाखू आला. तिळाच्या मडक्यात आला नाही. पन्नास दिवस झाले, साठ झाले, तंबाखूची पानं बैलाच्या कानासारखी ताठ उभी. सातगोंडाने हे कुणाला सांगितलं नाही. पुढल्या साली त्याने मुद्दाम दोन मडकी उतरवली, एकात तीळ करून मग तंबाखू, एकात नुसता तंबाखू. पुन्हा तसंच झालं. आता दोनच दिवाळ्या उरल्या होत्या.

त्याच हिवाळ्यात शेतकी खात्याचा परशराम गावात आला. मूळचा खानापूरकडचा, खात्यात फील्डमन, सायकल, खाकी पिशवी आणि पिशवीत एक भिंग. बंबाखूची पाहणी करायला त्याला पाठवलं होतं आणि जागं रान त्याला गावानेच दाखवलं, जरा दुरून. गोठ्यातली मडकी बघून तो आधी हसला. मग रेघा मोजल्या, काय केलं ते विचारून घेतलं, आणि त्याचं हसणं थांबलं.

"आप्पा, हे कुणाला इचारून चालवलंय तुमी?"

"मातीला."

परशराम म्हणाला, आमच्या पुण्याच्या साहेबांनी हेच काचेच्या बरण्यांत केलंय, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. मग त्याने त्याला समजावलं. त्या बंबाखूचं बी मातीत वर्षानुवर्षं निजून राहतं. पाण्याने उठत नाही, उन्हाने उठत नाही. जवळ मूळ आलं आणि मुळाचा वास लागला की उठतं. मूळ तंबाखूचं असेल तर त्याला चिकटतं. पण वास तिळाच्या मुळालाही तसाच येतो म्हणे. तिळाला ते चिकटू शकत नाही. उठतं, चाचपतं, आणि स्वतःजवळचं खाऊन संपलं की उपाशी मरतं.

जे प्रश्न म्हणून इतकी वर्षं पायाखाली होतं, त्याचं उत्तर इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आणि इतकं वाईट असेल असंही.

मग दोघं रानात गेले. बांधावर वर्षानुवर्षांचा वाळका बंबाखू ओळीने निजवलेला होता. मागच्या पावसाळ्यात तंबाखूची दोन-चार रोपं आपोआप उगवली होती, त्यांच्याखालचा ह्या सालचा बंबाखू सगळ्यात वर. परशरामने त्यातला एक दांडा उचलला, खांद्यावरचं पांढरं उपरणं काढून जमिनीवर पसरलं आणि दांडा त्यावर हळूच झटकला. तपकिरीसारखी काळपट पूड पडली.

"काय हे?" त्याने विचारलं.

"पूड."

परशरामने भिंग त्याच्या हातात दिलं. सातगोंडा वाकला. पूड नव्हती ती. एकेक कण वेगळा होता, लांबट, खरबरीत, घडवल्यासारखा.

"सगळं बी हाय, आप्पा. एका दांड्याला लाखभर. हे असं कवापासनं ठेवतासा बांधावर?"

"आमच्या बाबांपासनं."

"आन् वारं कुठनं येतंय हितं?"

सातगोंडाने बांधाकडे बघितलं. वारा तिकडूनच येत होता, नेहमीसारखा, आणि त्याच्या धोतराचा सोगा रानाच्या दिशेने हलत होता.

"मग तुमच्या बाबांनी पेरलं म्हणा की हे," परशराम म्हणाला. तो गमतीने म्हणाला, पण बोलून झाल्यावर त्याने उपरणं चटकन गुंडाळलं.

तीन दिवस सातगोंडा रानाकडे गेला नाही. जिनपाल प्रत्येक दांडा दोन्ही हातांनी उचलून निजवायचा, बाळ पाळण्यात ठेवावं तसा, हे त्याला आठवत राहिलं. गावातला कुठलाही कसायासारखा माणूस तण उपटून पेटवून द्यायचा आणि त्याचं रान बरं असायचं. ज्याने कधी काडी ओढली नाही त्याच्याच मातीत हे इतकं कसं, याचं उत्तर त्या उपरण्यावर पडलेलं होतं.

चौथ्या दिवशी त्याने ब्राह्मीला सगळं सांगितलं. तीळ पेरला तर रान वाचेल. पण रानभर कोट्यवधी जीव आपण मुद्दाम उठवणार, आणि उठवून उपाशी मारणार. निजलेल्याला मारणं वेगळं, आणि जेवायला हाक मारून रिकाम्या ताटावर बसवणं वेगळं. ब्राह्मी भाकरी थापत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"आन् भट्टीत काय हुईल? तिथं कुणाला उठवणार हायसा? निजल्या जागीच भाजतील सगळी, गांडुळासकट."

मृगात सातगोंडाने चार एकर तीळ पेरला, दाट, बोटभर जागा न सोडता. बैल मुंग्यांना थांबत होते. तो त्यांना थांबू देत होता. मोठ्या हिंसेला निघालेल्या माणसाने छोटी का सोडावी, असं गावात कुणीतरी विचारलं, तेव्हा तो हसला नाही.

श्रावणात परशराम आला. त्याने तिळाचं एक झाड मातीच्या गड्ड्यासकट उचललं, ओढ्याच्या पाण्यात हळू सोडलं, माती धुऊ दिली, आणि मुळं आपल्या तळहातावर पसरून भिंग धरलं. सातगोंडाने बघितलं. तिळाच्या पांढऱ्या मुळाभोवती, त्याहून बारीक, डोळ्याला दिसू नयेत असे तंतू होते. शेकडो. प्रत्येक तंतू एका काळ्या कणातून निघाला होता आणि प्रत्येकाचं तोंड मुळाकडे होतं, एकाचंही दुसरीकडे नाही. काही मुळाला टेकले होते. टेकल्या जागीच काळे पडले होते. काही अजून वाटेत होते.

"सगळीच हिकडं बघत्यात," सातगोंडा म्हणाला.

परशरामने भिंग काढून घेतलं. ह्या तळहातावर जेवढं आहे ते चार एकरात किती, हा हिशेब दोघांनीही गावात शिरेपर्यंत मनात चालवला असावा.

पुढल्या मृगात पुन्हा तीळ. तो वेळेआधी काढून भाद्रपदात तंबाखू लावला, कारण दिवाळी पाचवी होती. पन्नास दिवस रान स्वच्छ राहिलं. मालुबाईसुद्धा बांधापर्यंत येऊन बघून गेली, आत मात्र आली नाही. एकावन्नाव्या दिवशी बांधाला लागून, हाताच्या रुंदीच्या पट्टीत, बंबाखू आला. चाळीस-पन्नास दांडे. बांधावरचं बी तिळाच्या मुळापर्यंत कधी पोचलंच नव्हतं. ते तिथेच निजून राहिलं होतं आणि आता उठलं.

सातगोंडाने रोज उपटला. पण रोज नवे येत, आणि पानाआड राहिलेले काही त्याला फुलं झडून बोंडं धरल्यावरच दिसत. मार्गशीर्ष शुद्ध चौदस आली तेव्हा पट्टीत असेच बोंडं धरलेले अकरा दांडे उभे होते, आणि परशराम सायकल टाकून धावत आला. त्याने एक बोंड दाबून बघितलं. वाळून चिरायला आलं होतं. उद्यापर्यंत थांबलात तर फुटणार, आणि वारं सुटलंय, असं तो म्हणाला. बांधावरचंही सगळं आज पेटवायला पाहिजे. खात्यातून त्याला तेवढाच दिवस मिळाला होता. आणि चंद्रप्पा परवा भट्टीवाल्याला घेऊन येणार, असा निरोप सकाळीच आला होता.

"आज चौदस हाय," सातगोंडा म्हणाला.

"मला ठावं हाय, आप्पा. मी उपटतो, मी पेटवतो. तुमी घरला जावा."

रान सातगोंडाचं होतं, बी त्याच्या बापाचं होतं. परक्याच्या हाताने हे करवून घेणं म्हणजे पाप करून पावती दुसऱ्याच्या नावाने फाडणं, असं त्याला वाटलं असावं. त्याने वाकून पहिला दांडा धरला, बोंडं मुठीत मिटून, एकही कण सांडू नये असा, आणि उपटला. अकराही त्याने उपटले. मग बांधावरची ओळ, बापाच्या वेळची, तळापासून गोळा केली. परशरामने काडी पुढे केली. सातगोंडाने ती त्याच्या हातातून घेतली.

त्या घरात चुलीशिवाय कुठे काडी ओढली गेली नव्हती. वाळकं होतं, चट्कन पेटलं. आत तडतड असा बारीक आवाज होत होता, लाह्या फुटाव्यात तसा, कितीतरी वेळ, इतक्याशा ढिगातून यावा त्याहून फार जास्त वेळ. धूर रानावर गेला नाही. वारा पडला होता. तो सरळ वर गेला आणि वरून सातगोंडाच्या अंगावर उतरला. परशरामने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. तो झाला नाही.

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी चंद्रप्पा आला. भट्टीवाला मागे होता, चांगला सहा फूट माणूस, रानाकडे बघण्याआधी पायाखालची माती बोटात चोळून बघणारा. दोघं प्रत्येक ओळीतून फिरले. चंद्रप्पाने बसून पानं उचलून बुडं बघितली. काही नव्हतं. बांधाजवळ राखेचा गोल होता, तिथे तो थांबला आणि त्याने भावाच्या तोंडाकडे बघितलं. त्याला घरचे नेम ठाऊक होते. भट्टीवाल्याला तो म्हणाला की हे रान द्यायचं न्हाई. भट्टीवाला म्हणाला, माती मात्र सोन्यासारखी हाय, आणि हात झटकून गेला.

संध्याकाळी, दिवस असताना, ब्राह्मीने ताट वाढलं. मालुबाई बाया घेऊन उद्या खुडणीला येते म्हणून सांगून गेली होती, आणि घरात बऱ्याच वर्षांनी कुणीतरी मोठ्याने बोलत होतं. सातगोंडाने ताट मागे सारलं. आजपासून एक दिवसाआड जेवणार, असं तो म्हणाला.

ब्राह्मीने विचारलं, कवापतोर.

"जेवढी उठवली उपाशी, तेवढे उपास मोजून हुस्तवर."

ब्राह्मीने भिंग बघितलं नव्हतं, पण परशरामकडून तिने आकडा ऐकला होता. एका दांड्याला लाख. ती चुलीशी बसून राहिली, बोटांची पेरं मोजायला लागली आणि दुसऱ्याच पेरावर थांबली. मग तिने पिठाची परात पुढे ओढली, त्यातलं मूठभर पीठ परत डब्यात टाकलं, आणि डब्याचं झाकण लावलं.

"म्हंजे जलमभर एक भाकरी कमी थापायची," ती म्हणाली.